रेस उशिरा येते, उशिराच जाते : एका नव्या गाडीचं आणि जुन्या पायाचं प्रकरण

सरांनी फोन केला तो गाडी विकायची म्हणून. "तुझ्याकडे लोक विचारत येतात, बघ एखादं गिऱ्हाईक. जेमतेम ९ हजार किलोमीटर झालेत. मला काही ती झेपत नाही."

सातवी ते दहावी त्यांनी मला गणित शिकवलं. उदाहरण अडलं की फळा पुसायचा आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा मांडायचं, हे त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांच्या तोंडून 'झेपत नाही' ऐकल्यावर हातातला पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, गिऱ्हाईक नंतर बघू. आधी काय झालं ते सांगा."

झालं होतं ते असं. आदल्या रविवारी काकू आणि नातीला घेऊन ते कासला निघाले. फुलांचे दिवस, समर्थ मंदिरापासूनच गाड्यांची रांग. यवतेश्वर घाटात एका वळणावर पुढचा टेम्पो थांबला, म्हणून सरही थांबले. निघताना गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा त्यांनी रेस जास्त दिली, तर गाडीने उडीच मारली. टेम्पोच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर ब्रेक लागला आणि पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ती मागे घरंगळली. मागच्या दुचाकीवाल्याने ओरडून पाय टेकवले. गाडीत क्लचचा जळका वास भरला आणि मागच्या सीटवर नात रडायला लागली. यवतेश्वराच्या देवळापाशी जागा मिळाल्यावर सरांनी गाडी वळवली आणि घरी आणली. तेव्हापासून ती अंगणात झाकून ठेवलेली.

याआधी सरांकडे २००१ सालची मारुती झेन होती. २० वर्षं त्यांनी ती स्वतः चालवली. कुंभार्ली घाट, आंबा घाट, कोकणातले लाल मातीचे रस्ते, सगळीकडे. २०२१ च्या दिवाळीत मुलाने आग्रह करून नवी गाडी घ्यायला लावली. १२०० सीसी पेट्रोल, ५ गिअर, मॅन्युअल. म्हणजे माणूस नवशिका नव्हता, गाडी नवी होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दोनदा दाखवली होती. तिथे स्कॅनर लावला, बिघाड दाखवणारा एकही कोड निघाला नाही, आणि काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "काका, वयोमानाने होतं असं. ऑटोमॅटिक घ्या." हे वाक्य सरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. मलाही लागलं. कोड नाही म्हणजे गाडीत दोष नाही, आणि गाडीत दोष नाही म्हणजे दोष माणसात, असा सरळ हिशोब मांडून मोकळं होणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सरांना चालवायला सांगितलं आणि शेजारी बसलो. स्वतः लगेच चालवली असती तर माझ्या पायाने ती सांभाळून घेतली असती आणि मला काही कळलंच नसतं.

पहिल्या १० मिनिटांत तीन गोष्टी दिसल्या. निघताना सर आधी रेस देत, आवाज कानावर पडला की क्लच सोडायला लागत. या गाडीत आवाज अर्धा क्षण उशिरा यायचा. तो आला नाही म्हणून पाय आणखी खाली जायचा, मग सगळी रेस एकदम यायची, सर दचकून पाय काढायचे, आणि रेस जाईपर्यंत क्लच सुटलेला असायचा. एकतर उडी, नाहीतर बंद. दुसरी गोष्ट पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना. सरांनी पाय उचलला, क्लच दाबला, गिअर पडला, पण आरपीएमचा काटा अडीच हजारावर लटकूनच राहिला. झेनमध्ये तो कधीच खाली आलेला असायचा. सरांनी नेहमीच्या वेगाने क्लच सोडला आणि गाडीने पुढे धक्का दिला. तिसरी गोष्ट वळणावर खालचा गिअर टाकताना. जुने चांगले ड्रायव्हर मध्ये रेसचा एक हलका टोला देतात, म्हणजे गिअर लोण्यासारखा पडतो. सरांचा टोला पायात अजून तसाच होता, अगदी वेळेवर. पण गाडी त्याची दखलच घेत नव्हती. पाय टोचून परत यायचा आणि काटा जागचा हलायचा नाही.

हे सगळं पाहून मला बरं वाटलं. कारण या पायात चूक नव्हती. तो अजूनही झेन चालवत होता, एवढंच.

झेनमध्ये पेडलपासून इंजिनपर्यंत एक केबल जायची, सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीतली पोलादी तार. तिच्या दुसऱ्या टोकाला हवेच्या वाटेत एक गोल झडप. पाय जितका खाली तितकी झडप उघडी, त्याच क्षणी. उलट इंजिनची थरथरही त्याच तारेतून तळपायाला कळायची. नव्या गाडीत ती तार नाही. पेडलच्या वरच्या टोकाला दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो, म्हणजे कॉम्प्युटरला दोन्ही ताडून बघता येतात. ताळा जमला नाही तर गाडी स्वतःच ताकद कमी करून रांगायला लागते. ताळा जमला तर कॉम्प्युटर ठरवतो की या पायाला किती ओढ हवी आहे, आणि छोट्या मोटरने झडप उघडतो. ही कल्पना आजची नाही. बीएमडब्ल्यूच्या ७५० आयएल या बारा सिलिंडरच्या गाडीत ती १९८७ मध्येच होती. आपल्याकडच्या साध्या गाड्यांत ती हळूहळू आली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या पेट्रोल गाड्यांत केबल जवळजवळ दिसेनाशी झाली.

आता उशीर कशाचा? मोटर सुस्त असते असं लोकांना वाटतं. तसं नाही. झडप बंदची पूर्ण उघडायला तिला सेकंदाचा साधारण दहावा भाग पुरतो. उशीर प्रोग्रॅममध्ये मुद्दाम घातलेला असतो, आणि त्याला कारणं आहेत. पाय एकदम दाबला की इंजिनची ओढ अॅक्सलवर, माउंटिंगवर एकदम येते आणि गाडी मागेपुढे डुलते. ते होऊ नये म्हणून कॉम्प्युटर पहिल्या क्षणाची ओढ मऊ करतो. पाय एकदम काढला तर वेगळाच घोटाळा. झडप खटकन बंद झाली की आतला व्हॅक्युम वाढतो, आणि हवेच्या नळीच्या भिंतीला चिकटलेलं पेट्रोल भसकन वाफ होऊन इंजिनात जातं. ते पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. उलट पेट्रोल पूर्ण तोडलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, ऑक्सिजन साठतो, आणि पुढच्या रेसला नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच निसटतात. बीएस ६ मध्ये पेट्रोल गाडीसाठी त्यांची मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅमवरून ६० वर आणली आहे. म्हणून झडप सावकाश मिटवायची. काटा वर लटकतो तो बराचसा यामुळे. जुन्या कार्बोरेटरच्या काही गाड्यांत हेच काम करायला डॅशपॉट नावाची छोटी डबी असायची.

डिझेलवाल्यांना हे सगळं नवलाचं वाटेल. कॉमन रेल डिझेलला, म्हणजे आजच्या डिझेल गाड्यांत असतं त्या इंजिनला, पेडल पहिल्यापासून इलेक्ट्रॉनिकच आहे. पण तिथे खालच्या आरपीएमलाच एवढी ओढ असते की निघताना पायाची चूक पोटात घातली जाते. १२०० सीसीच्या पेट्रोलमध्ये तेवढी पुंजी नसते.

एवढं सरांना सांगून "सवय करा" म्हटलं असतं तर वर्कशॉपच्या मुलात आणि माझ्यात फरक राहिला नसता. मी याच मॉडेलच्या चार-पाच गाड्या चालवल्या आहेत. काटा त्यांतही लटकतो, पण इतका वेळ नाही. म्हणून गाडी गॅरेजमध्ये आणली.

पहिला शोध साधा होता. ड्रायव्हरच्या पायाशी कंपनीची कापडी मॅट, तिच्यावर काकूंनी पावसाळ्यात टाकलेली जाड रबरी मॅट. वरच्या मॅटची कड एक्सलरेटरच्या खाली गेली होती. तळाशी पेडल तिच्यावर टेकत होतं, म्हणजे पूर्ण दाबलं तरी कॉम्प्युटरला पूर्ण दाबल्याचा निरोप जात नव्हता. शिवाय टाच नेहमीपेक्षा वर आल्यामुळे घोट्याचा कोनच बदलला होता. आणि ती मॅट पुढे सरकून पेडल तिच्यात अडकलं असतं तर काय, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. दोन मॅट एकावर एक कधीही टाकू नका.

खरं घोडं पेंड खात होतं ते क्लचपाशी. स्कॅनरवर कोड बघून थांबायचं नसतं, चालू आकडे बघायचे असतात. मी क्लच स्विचची ओळ उघडून ठेवली आणि हाताने क्लचचं पेडल हळूहळू दाबलं. पेडल थोडं हललं की स्क्रीनवर 'बंद'चं 'चालू' व्हायला हवं होतं. पाव भाग गेला, अर्धा गेला, तरी 'बंद'च. पाऊण भाग खाली गेल्यावर कुठे 'चालू' आलं.

डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन उताणा झोपलो. क्लचच्या पेडलमागे एक काळं, अंगठ्याएवढं स्विच असतं. त्यातून प्लॅस्टिकची बारीक दांडी बाहेर येते. पेडल वर असताना ती आत दाबलेली, पेडल खाली गेलं की सुटते आणि बारीक टक असा आवाज येतो. हे स्विच ज्या पट्टीवर बसतं तिचा बोल्ट सैल होता आणि पट्टी पेडलकडे सरकली होती. दांडी इतकी आत रुतली होती की पेडल बरंच खाली जाईपर्यंत सुटतच नव्हती. बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या, म्हणजे आधी कोणाचा तरी हात तिथे जाऊन आला होता.

त्यात सरांचा गुडघा दुखतो म्हणून सीट दोन खाचा मागे घेतलेली. त्यामुळे क्लच सुटण्यापुरतं पेडल ते दाबत, पण तळाला नेत नसत. गिअर पडत होता, स्विच मात्र कधी लागत होतं, कधी नाही. कॉम्प्युटरला वाटायचं गाडी अजून गिअरमध्ये आहे, म्हणून तो रेस आणखी सावकाश सोडायचा. निघताना क्लच पकडतोय म्हणून इंजिनला थोडा आधार द्यायचा, तोही चुकत होता. स्विच उशिरा का होईना लागत असल्याने बिघाडाचा कोड येण्याचं कारणच नव्हतं. वर्कशॉपमध्ये एखाद्याने दोन मिनिटं खाली वाकून बघितलं असतं तर सरांचा तो रविवार वाचला असता.

पट्टी मागे घेतली, बोल्ट आवळला, पेडल बोटभर हलताच टक यायला लागलं. थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती हवेची झडप जिच्यात बसते तो भाग, उघडली, झडपेच्या कडेला थोडा कार्बन होता, तो क्लीनर आणि मऊ कापडाने पुसला. झडप बोटाने ढकलायची नाही, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. पुसल्यावर कॉम्प्युटरला झडपेची बंद जागा नव्याने शिकवावी लागते, ते स्कॅनरवरून केलं. रबरी मॅट काढली. सीट एक खाच पुढे.

सरांनी चालवून बघितली. काटा आता बराच लवकर उतरत होता. पण उडी आणि बंद पडणं संपलं नव्हतं, अर्ध्यावर आलं होतं. उरलेला अर्धा भाग पायाचा. तो कबूल करताना सरांचा चेहरा उतरला, तेव्हा मला त्यांची शेती आठवली. कोरेगाव तालुक्यात त्यांचा ऊस आहे, आणि दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्याने पाणी वळवायला, ते अजून स्वतः जातात.

म्हटलं, "सर, वाफा पूर्ण भरल्यावर दारं मोडता का?"

"छे. भरायला आला की आधीच मोडायचं. पाटात पाणी असतंच की."

"मग इथेही पाटात पाणी आहे. तुम्ही टोकाला वाफा कोरडा बघून दारं आणखी उघडताय."

सर गप्प बसले आणि मग हसले. फळ्यावर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघून हसायचे तसे.

त्यानंतर एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर चार सकाळी आम्ही गेलो, साडेसहाला. पहिल्या सकाळी एक्सलरेटरला पायच लावायचा नाही, असा नेम. सपाट रस्ता, पहिला गिअर, ब्रेक सोडायचा आणि क्लच इतका हळू उचलायचा की गाडी आपली आपण सरकेल. या गाड्यांत इंजिन ७५०-८०० आरपीएमवर असताना भार आला की कॉम्प्युटर स्वतः झडप थोडी उघडून इंजिन सावरतो. झेनमध्ये हे असं बिनधास्त करता येत नव्हतं, म्हणून 'आधी रेस, मग क्लच' ही सवय अंगात मुरलेली. सुरुवातीला चारदा बंद पडली. मग क्लच कुठे पकडतो ती जागा सरांच्या डाव्या पायाला सापडली, आणि रेस न देता गाडी हलते हे बघून त्यांना इतका आनंद झाला की पुढचा अर्धा तास ते तेवढंच करत होते.

दुसऱ्या सकाळी उजवा पाय. सर चपला घालून चालवत आणि अख्खा पाय उचलून पेडल दाबत. केबलच्या गाडीला ते चालून जायचं, कारण तिची स्प्रिंग पायाला धरून ठेवायची. इथे पेडल हलकं, त्यामुळे पाय हवेत डुगडुगतो आणि प्रत्येक डुगडुगीचा निरोप कॉम्प्युटरकडे जातो. बूट घातले, टाच जमिनीला टेकवली, फक्त पुढचा चवडा हलवायचा. न्यूट्रलमध्ये काटा १५०० वर आणायचा आणि मनात १० आकडे होईपर्यंत तिथेच ठेवायचा. वाटतं सोपं, पण पहिल्यांदा काटा १२०० ते २२०० असा नाचत होता. तो स्थिर झाल्यावर निघणं जमलं. क्लच पकडायला लागला की मग रेस, आणि तीही एकदाच, थोडी. ती येईपर्यंत थांबायचं. पुन्हा मागायची नाही.

गिअर बदलण्याचं काम तिसऱ्या दिवशी लवकर आटोपलं. वरचा गिअर टाकताना एक्सलरेटर क्लचच्या किंचित आधी सोडायचा. काटा उतरायला तेवढा वेळ मिळतो. आणि अडीच हजारापर्यंत ताणण्याऐवजी दोन हजाराच्या आसपास बदलायचा, म्हणजे उतरायला अंतरच कमी. खालच्या गिअरचा टोला मात्र सरांना सोडवेना. मी म्हटलं, सोडू नका, बदला. टोचायचं नाही, दाबायचं आणि क्षणभर धरायचं. टोचलेलं कॉम्प्युटर गाळून टाकतो, धरलेलं ऐकतो. तिसऱ्या प्रयत्नाला काटा वर आला, गिअर लोण्यासारखा पडला, आणि सर म्हणाले, "हा झेनचा आवाज."

याच दिवसांत सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. पेडलच्या वायरमध्ये बसवायची एक डबी मिळते, तिने पिकअप वाढतो म्हणे, बसवू का? मी नको म्हटलं. ती डबी इंजिनची ताकद वाढवत नाही. पायाने २० टक्के दाबलं तर कॉम्प्युटरला ४० सांगते, एवढंच. पाय काढल्यावर काटा लटकतो त्याला तिचा उपयोग नाही, आणि निघताना जिथे बारीक ताबा हवा तिथे ती तो आणखी हिसकावून घेते. वॉरंटीचा वाद वेगळाच. हायवेला दाबून चालवणाऱ्याला ती आवडेल कदाचित, सरांच्या दुखण्याला ते उलटं औषध होतं.

चौथ्या सकाळी चढ. या गाडीत चढावर धरून ठेवणारी सोय नाही, म्हणून हँडब्रेक. ओढलेला, बटण दाबलेलं, क्लच पकडेपर्यंत उचलायचा. नाक किंचित वर आलं, इंजिनचा आवाज जड झाला की रेस, आणि ती आल्याचं जाणवलं की हँडब्रेक खाली. घरंगळणं बंद झालं तशी घाई संपली, आणि उशीर सोसायला सरांना वेळ मिळाला. एसीबद्दल एकच सांगितलं : चढावर निघताना कॉम्प्रेसर मध्येच लागला तर छोट्या इंजिनाला तो ओढतो, पहिले काही दिवस निघेपर्यंत बंद ठेवा.

पुढच्या बुधवारी आम्ही यवतेश्वर घाट चढलो, मी शेजारी. गर्दी नव्हती, म्हणून त्याच वळणावर मी त्यांना मुद्दाम थांबायला लावलं. पाच वेळा थांबलो, पाच वेळा निघालो. एकदा गाडी थोडी हिसकली, बंद एकदाही पडली नाही. वर पोचल्यावर बॉनेट उघडून वास घेतला. क्लचचा वास नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी सर मला न सांगता काकूंना आणि नातीला घेऊन कासला जाऊन आले. गिऱ्हाईकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीन महिन्यांनी गाडी सर्व्हिसला माझ्याकडे आली. क्लच स्विच जागच्या जागी, बोटभर हालचालीला टक. आता उरली आहे ती एकच तक्रार. हिवाळ्यात सकाळी थंड इंजिन १२००-१३०० वर फिरत असताना घरासमोरच्या चढावरून रिव्हर्स काढताना गाडी अजून धसमुसळी होते. ते इंजिन गरम होईपर्यंतचं आहे, दोन मिनिटांत काटा खाली येतो. सर तेवढा वेळ गाडी चालू ठेवून अंगणातल्या झाडांना पाणी घालतात आणि मग निघतात.